ताण मोजणारा मऊ धागा

काचेचा ऑप्टिकल फायबर इतका बारीक असतो की बघणाऱ्याला तो नाजूकच वाटतो. वरचं प्लॅस्टिकचं आवरण सोललं की हातात उरतो १२५ मायक्रोमीटर जाडीचा तंतू. पण या तंतूची लांबी शंभराला एक या प्रमाणात वाढवायची असेल, तर त्याला जवळजवळ नऊशे ग्रॅम वजन टांगावं लागतं. तेवढ्याच जाडीचा तंतू पीएमएमएचा, म्हणजे आपण ज्याला ॲक्रिलिक म्हणतो त्या प्लॅस्टिकचा असेल, तर चाळीस ग्रॅमांत काम भागतं. काचेचा यंगचा गुणांक, म्हणजे कडकपणाचं माप, सुमारे ७२ गिगापास्कल, पीएमएमएचा ३ च्या आसपास. या फरकावर माझी पीएच.डी. उभी राहिली, आणि त्यानंतरचं बरंचसं कामही.

नाशिकला पदवी आणि पुण्याला एम.एस्सी. करून मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका विद्यापीठात गेले, तेव्हा मला फायबर म्हणजे काचेचाच ठाऊक होता. प्रयोगशाळेत मात्र प्लॅस्टिकच्या फायबरवर काम चालायचं आणि माझ्या वाट्याला आलेला विषय होता टांगलेल्या कापडातला ताण मोजणं. जुन्या टेपेस्ट्री, म्हणजे विणून काढलेली भिंतभर चित्रं, स्वतःच्याच वजनानं हळूहळू फाटत जातात. कुठे फाटणार आहेत हे आधी कळावं, अशी त्या जपणाऱ्या लोकांची गरज होती.

विषय समजून घ्यायला मी डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलमध्ये गेले. तिथल्या लांबलचक गॅलरीत गिडियनच्या कथेवरच्या तेरा टेपेस्ट्रींचा संच आहे. १५७८ साली विणलेला हा संच हार्डविकची मालकीण बेस हिनं १५९२ मध्ये विकत घेतला. उंची सहा मीटरच्या आसपास आणि सगळ्यांची मिळून लांबी सत्तर मीटरांहून जास्त. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं १९९९ मध्ये त्यांच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं आणि ते २०२३ पर्यंत चाललं. जवळून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी मी वाचली होती पण मनात उतरली नव्हती. युरोपात अशी टेपेस्ट्री विणताना चित्र मागावर आडवं धरतात. विणून झाल्यावर ती फिरवून टांगतात. त्यामुळे मागावर ताठ ओढलेला, मजबूत ताण्याचा धागा भिंतीवर आडवा येतो आणि कापडाचा सगळा भार पडतो तो रंगीत बाण्यावर, म्हणजे लोकरीच्या आणि रेशमाच्या त्या धाग्यांवर, जे चित्रासाठी निवडलेले असतात, भार पेलायला नव्हे. शिवाय दोन रंग जिथे ताण्याच्या दिशेनं शेजारी येतात तिथे कापडात फट राहते आणि ती नंतर शिवून घेतात. टांगल्यावर या फटी आडव्या होतात आणि टाक्यांवर ओढ बसते. गडद तपकिरी रंगासाठी लोखंडाचे क्षार वापरलेले असतील तर ती लोकर सगळ्यांत आधी ठिसूळ होते. म्हणजे ताण कापडभर सारखा नसतोच. तो काही जागा शोधून तिथे साठतो.

अशा कापडावर काचेचा फायबर चिकटवला तर काय होतं? फायबर कापडाला धरून ठेवतो. ज्या पट्टीतला ताण मोजायचा तिथलाच भार तो स्वतःकडे घेतो, आणि मग जो आकडा दिसतो तो कापडाचा नसतो, फायबरनं टेकू दिलेल्या कापडाचा असतो. हे मी प्रयोगातही पाहिलं. साध्या विणीच्या लोकरी पट्ट्या कापून एकीवर काही लावलं नाही, एकीवर काचेचा फायबर चिकटवला, एकीवर पॉलिमरचा, आणि तिन्हींना सारखीच वजनं टांगून कॅमेऱ्यानं लांबी मोजली. काचेची पट्टी फायबरच्या रेषेत अडून बसायची आणि तिच्या दोन्ही कडा खाली ओघळायच्या. पॉलिमरची पट्टी अगदी मोकळ्या पट्टीसारखी वागली असं म्हणता येणार नाही, पण मोकळ्या पट्टीच्या खूप जवळ गेली. मोजमापाचं साधन मोजायच्या वस्तूच्या वाटेत येता कामा नये, हे भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात. त्या दिवशी ते डोळ्यांनी दिसलं.

कापडावर पॉलिमरचा फायबर लावायची कल्पना माझी नव्हती. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या अभियंत्यांनी कापड-संवर्धकांच्या आणि बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या डेव्हिड वेब यांच्या सोबतीनं २००९ साली पॉलिमर फायबरची ग्रेटिंग कापडांवर लावून पाहिली होती. तो निबंध मी इतक्या वेळा वाचला की त्यातल्या आकृत्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

ग्रेटिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. फायबरच्या गाभ्यात काही मिलिमीटर लांबीपर्यंत अपवर्तनांक ठरावीक अंतरानं किंचित कमी-जास्त केलेला असतो. आत रुंद पट्ट्याचा प्रकाश सोडला की त्यातली एकच तरंगलांबी परत फिरते, बाकीचा प्रकाश पुढे निघून जातो. परत येणारी तरंगलांबी म्हणजे अपवर्तनांक आणि रेषांमधलं अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी पीएमएमएमध्ये हे अंतर ५२० नॅनोमीटरच्या जवळपास येतं. म्हणजे सेंटिमीटरभर लांबीत एकोणीस हजारांहून जास्त रेषा. फायबर ताणला की अंतर वाढतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाचं शिखर लांब तरंगलांबीकडे सरकतं. एक मीटर लांबी एका मायक्रोमीटरनं वाढली तर तिला एक मायक्रोस्ट्रेन म्हणतात. एवढ्याशा वाढीनं शिखर साधारण सव्वा ते दीड पिकोमीटर हलतं आणि आजची उपकरणं ते टिपतात.

काचेतली ही किमया १९७८ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. जर्मेनियम मिसळलेल्या काचेच्या फायबरमध्ये लेझरचा प्रकाश सोडला असता फायबर हळूहळू तोच प्रकाश परत फिरवू लागला. १९८९ मध्ये जेराल्ड मेल्ट्झ यांच्या गटानं बाजूनं अतिनील किरण टाकून ग्रेटिंग लिहून दाखवलं, आणि मग हे तंत्र खऱ्या अर्थानं कामाला लागलं. पॉलिमरला त्यानंतर दहा वर्षं थांबावं लागलं. १९९९ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिओंग, पेंग, चू आणि सहकाऱ्यांनी एका मोडच्या पॉलिमर फायबरमध्ये ग्रेटिंग लिहिलं आणि ते ताणून शिखर सत्तर नॅनोमीटरांहून जास्त सरकवून दाखवलं. काचेचं नेहमीचं ग्रेटिंग इतकं ताणायला गेलं तर बहुतेक वेळा तुटतंच. २००५ मध्ये ॲस्टनच्या गटानं गाभ्याभोवती बारीक भोकांची रांग असलेल्या पॉलिमर फायबरमध्येही ग्रेटिंग लिहिलं. हा भोकांचा फायबर सिडनीतच जन्मलेला. जाड ॲक्रिलिकच्या दांड्यात आधी ड्रिलनं भोकं पाडायची आणि मग तो दांडा भट्टीत तापवून ओढत ओढत बारीक करायचा. भोकांची मांडणी तशीच राहते, फक्त हजार पटींनी लहान होते.

माझं ग्रेटिंग लिहिण्याचं काम हीलियम-कॅडमियम लेझरवर चालायचं. त्याचा प्रकाश ३२५ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पांढरं कागदी कार्ड वाटेत धरलं की त्यावर निळसर ठिपका चमकतो आणि तेवढ्यावरच किरण कुठे आहे ते समजतं. फायबर धातूच्या खाचेत हलक्या ओढीनं बसवायचा, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं धरायची, त्यावर फेज मास्क आणायचा. मास्क म्हणजे समांतर खाचा कोरलेली काच. तिच्यातून गेलेला प्रकाश दोन बाजूंना वळतो आणि पुन्हा एकमेकांवर येऊन मास्कच्या निम्म्या अंतराच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या फायबरमध्ये उमटवतो. मास्क महाग असतो, आणि फायबरपासून त्याचं अंतर इतकं कमी ठेवावं लागतं की श्वास रोखूनच तो जवळ आणायचा. मग दार लावायचं, पंखे बंद, बोलणं बंद. पीएमएमएमध्ये ग्रेटिंग उमटायला लागायचा वेळ काही मिनिटांत मोजता यायचा नाही. कधी कधी तासाच्या आसपास जायचा. त्या वेळात टेबल जरा जरी हललं तर पट्ट्या पुसट होणार. भोकांच्या फायबरमध्ये आणखी एक अडचण असते. गाभ्यापर्यंत पोचण्याआधीच भोकं अतिनील प्रकाश विखरून टाकतात. फायबर स्वतःभोवती थोडा फिरवून बसवला तर एखाद्या कोनात प्रकाश जास्त आत जातो. तो कोन शोधण्यात सकाळ जायची.

पडद्यावर आधी नुसती खालीवर नाचणारी रेघ असते. मग एका ठिकाणी तिला उंचवटा येतो, मागेपुढे होतो, आणि काही वेळानं ठाम उभा राहतो. हे पाहायला मला कधीच कंटाळा आला नाही. पुढे फायबरमध्ये बेंझिल डायमिथाइल केटलसारखं प्रकाशाला चटकन दाद देणारं रसायन मिसळण्याची युक्ती निघाली आणि २०१७ मध्ये एका गटानं अतिनील लेझरच्या एकाच स्पंदात पॉलिमर ग्रेटिंग लिहून दाखवलं. नवीन मुलांना याचं काही वाटत नाही. आम्हाला ते वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

कापण्याचं कौशल्य वेगळंच. काच कशी छान तुटते: हिऱ्याच्या पात्यानं ओरखडा काढायचा, जरा ओढायचं, आणि आरशासारखं टोक मिळतं. पॉलिमर तसं तुटत नाही. थंड असताना त्याच्या चिरफळ्या होतात, जास्त गरम केला तर भोकं लिंपली जातात. पातं आणि खालचं आसन दोन्ही साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापवून, ठरलेल्या वेगानं पातं खाली आणायचं. मग तो तुकडा काचेच्या फायबरला अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या डिंकानं जोडायचा. जोडण्याशिवाय इलाज नसतो, कारण १५५० नॅनोमीटरला पीएमएमए प्रकाश गिळतो: दर सेंटिमीटरला सुमारे एक डेसिबल. दहा सेंटिमीटर गेलं की नव्वद टक्के प्रकाश संपला. दोष आहे कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातल्या बंधाच्या कंपनांचा. हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन घातलेलं सायटॉप हे पॉलिमर म्हणूनच इतकं स्वच्छ असतं. जपानच्या केओ विद्यापीठात यासुहिरो कोइके यांनी पॉलिमर फायबरवर केलेलं दीर्घ काम या क्षेत्रात सगळेच मानतात. पण आम्हाला हवी तेवढी मऊ आणि हवी तेवढी बारीक गोष्ट तेव्हा पीएमएमएमध्येच मिळत होती, म्हणून काही सेंटिमीटरांचे तुकडे आणि काचेच्या शेपट्या यांवरच काम चालायचं.

एवढं करून तयार झालेलं ग्रेटिंग थेट कापडावर गेलं तर ते काही दिवसांत स्वतःच सरकायला लागतं. फायबर ओढताना पॉलिमरच्या साखळ्या ताणलेल्या अवस्थेत गोठतात, आणि संधी मिळाली की आखडतात. म्हणून आधी ऐंशी अंशांच्या भट्टीत काही तास ठेवून ही आखडण्याची हौस भागवायची. शिखर कायमचं निळ्या, म्हणजे लहान तरंगलांबीच्या, बाजूला सरकतं, कधी कधी काही नॅनोमीटर, कधी त्याहून कितीतरी जास्त. जे फायबर या तापातून गेले ते पुढे शहाण्यासारखे वागले. तरी एक गोष्ट उरतेच. पॉलिमर फार ताणून बराच वेळ धरला तर सोडल्यावर तो लगेच मूळ लांबीवर येत नाही. एखाद्या टक्क्यापर्यंत आणि थोड्या वेळापुरता त्यावर विश्वास ठेवता येतो. महिनोन्‌महिने टांगलेल्या वस्तूबद्दल बोलायचं तर हा मागे राहिलेला ताण वेगळा मोजून ठेवावा लागतो.

पण खरी झुंज होती पाण्याशी. पीएमएमए हवेतली ओल शोषतो, वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत. ओल आत शिरली की फायबर फुगतो आणि अपवर्तनांकही वाढतो. दोन्ही गोष्टी शिखर एकाच दिशेला ढकलतात. हवेची सापेक्ष आर्द्रता एका टक्क्यानं वाढली तर शिखर पस्तीस-चाळीस पिकोमीटर सरकतं. ताणाच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ तीस मायक्रोस्ट्रेन. इंग्लंडमधल्या जुन्या दगडी घरात हिवाळ्यात तापवलेल्या खोलीतून पावसाळी दिवसात जाताना आर्द्रता चाळीस टक्क्यांनी सहज बदलते, म्हणजे कापड जागचं हललं नाही तरी पडद्यावर हजाराच्या वर मायक्रोस्ट्रेन दिसणार. आम्ही जे मोजायला निघालो होतो तेही त्याच मापाचं. तापमानाची भर वेगळी. काचेचं शिखर तापल्यावर लाल बाजूला जातं, अंशाला दहा पिकोमीटर. पीएमएमएचं उलट निळ्या बाजूला जातं, आणि किती जातं ते हवेतल्या ओलीवरही ठरतं.

पाठ्यपुस्तकातला उपाय सोपा आहे. शेजारी दुसरं ग्रेटिंग मोकळं ठेवायचं, ज्याच्यावर ताण नाही, फक्त ओल आणि ऊब लागते. पहिल्याच्या आकड्यातून दुसऱ्याचा आकडा वजा करायचा. आम्ही ते केलं, आणि वजाबाकी नेहमी जास्त व्हायची. ओल वाढली की कापडाचा ताण खोटा खोटा कमी झालेला दिसायचा. कारण उमगायला वेळ लागला. मोकळा फायबर फुगला की लांब होतो. दोन्ही टोकांना चिकटवलेला फायबर लांब होऊ शकत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, तसा तो फुगून जागच्या जागी अडतो; त्याची ओढ सैल पडते, पण लांबी तीच राहते. म्हणून ओलीनं त्याचं शिखर मोकळ्या फायबरपेक्षा कमी सरकतं. आणि कापड ना पूर्ण घट्ट चौकट, ना पूर्ण मोकळं. लोकर स्वतःही ओलीनं हलते. या दोन स्थितींच्या मधे आपला फायबर कुठे आहे, ते प्रत्येक कापडासाठी मोजून काढावं लागलं.

ते मोजायला महागडं यंत्र लागलं नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या बरण्यांमध्ये क्षारांचे संपृक्त द्राव ठेवले. खोलीच्या तापमानाला मॅग्नेशियम क्लोराइडवरची हवा ३३ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, मॅग्नेशियम नायट्रेटवरची ५३ वर, साध्या मिठावरची ७५ वर. चिकटवलेल्या पट्ट्या आणि मोकळे फायबर एकाच बरणीत लटकवले आणि वाट पाहिली. वाट पाहणं आवश्यकच, कारण पाणी फायबरच्या गाभ्यापर्यंत शिरायला अर्धा-पाऊण तास घेतं, आणि फायबर जाड असेल तर त्याहून जास्त. काही गट ॲसिटोननं बाहेरचा थर विरघळवून फायबर बारीक करतात, मग तो चटकन प्रतिसाद देतो. मी ते टाळलं. बारीक फायबर हाताळताना तुटतो, आणि टेपेस्ट्रीला सेकंदासेकंदाचा हिशेब नको असतो.

त्याच काळात येवल्याच्या काकांशी फोनवर बोलणं झालं. माझ्या मावशीचे यजमान, आयुष्यभर पैठणी विणलेले. पैठणीही टेपेस्ट्रीच्याच जातीची. पदरावरचा मोर आणि वेल वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी विणतात, आणि रंग जिथे भेटतात तिथे दोन धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून फट राहत नाही. हार्डविकच्या फटींबद्दल ऐकून काका म्हणाले, "असं कसं गं सोडतात? धागा धाग्याला धरायला नको?" मी त्यांना विचारलं, "काका, पावसाळ्यात मागावर काही फरक पडतो का?"

"पडतो ना. सकाळी ताणा सैल लागतो, ऊन आलं की कडक होतो. रेशीम आहे ते, हवा खातं."

"मग तुम्ही काय करता?"

"रोज बसायच्या आधी हात फिरवायचा. ताणा किती बोलतोय ते बघायचं, आणि त्या मानानं ओढून घ्यायचा. त्याला वाईट काय वाटून घ्यायचं?"

त्या बोलण्यानं माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. ओल हा माझ्या मोजमापातला उपद्रव, तो वजा करून फेकायचा, असं मी धरून चालले होते. पण लोकर आणि रेशीम ओलीमुळेच हलतात. भिंतीवर टांगलेल्या कापडाला सगळ्यांत जास्त थकवतं ते रोजचं फुगणं आणि आखडणं. वजन तर पहिल्या दिवसापासून तेवढंच असतं. म्हणजे ज्या जागी ताण मोजतोय त्याच जागची ओल कळली तर ती माहिती संवर्धकाला हवीच आहे. ती फेकायची नव्हती, वेगळी करून द्यायची होती.

वेगळी करायला एक चांगली सामग्री हाताशी आली. टोपास नावाचं एक पॉलिमर आहे, चक्राकार ओलेफिनचं. ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या ओले बँग यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवून दिलं की त्यातलं ग्रेटिंग आर्द्रतेला दाद देत नाही. टोपासही पीएमएमएसारखाच मऊ. मग रचना अशी केली: कापडावर चिकटवलेलं टोपासचं ग्रेटिंग ताण सांगणार, आणि त्याच्या बाजूला सुटं ठेवलेलं पीएमएमएचं ग्रेटिंग ओल सांगणार. तापमानासाठी छोटा थर्मिस्टर. ज्या दोषाशी आम्ही झगडत होतो त्याचंच दुसरं मापक झालं. पडद्यावर पहिल्यांदा दोन रेघा सोबत धावताना पाहिल्या, एक ओलीची आणि एक लोकरीच्या ताणाची, आणि दुसरी पहिलीच्या मागून थोड्या उशिरानं येत होती. तो उशीर लोकरीचा होता. मला त्या रेघा फार आवडल्या.

आमच्यासोबत काम करणाऱ्या कापड-संवर्धक बाईंना मात्र चिकटवण मान्य नव्हती. त्यांचा नियम साफ होता: मूळ वस्तूवर जे लावाल ते उद्या काहीही इजा न करता काढता आलं पाहिजे. एपॉक्सी ताण उत्तम पोचवतं, पण ते निघत नाही आणि स्वतःही कडक असतं. मऊ फायबर निवडून त्यावर कडक गोळा ठेवायचा, यात अर्थ नाही. पीव्हीए मऊ राहतं, काढता येतं, पण ताणाचा काही भाग वाटेतच गाळतं. बारीक रेशमी दोऱ्यानं फायबर कापडावर टाचून पाहिला, तेव्हा टाक्यांमधून तो घसरायचा आणि आकडा अर्ध्यावर यायचा. शेवटी फक्त दोन टोकांना पीव्हीएचा ठिपका आणि मध्ये सैल टाके, अशी तडजोड झाली. फायबर मग त्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराचा सरासरी ताण सांगतो. फटीच्या वर एक आणि खाली एक ठिपका ठेवला की फट किती उघडतेय ते कळतं, आणि बाईंना तेवढंच हवं होतं. माझ्या मते या क्षेत्रात लेझर आणि मास्क यांवर जितकं लिहिलं जातं, त्याच्या दहाव्या भागानंही चिकटवणीवर लिहिलं जात नाही. आणि प्रत्यक्षात आकडा खरा की खोटा हे तिथेच ठरतं.

मला लोक विचारतात, मग काचेऐवजी पॉलिमर सगळीकडे का वापरत नाहीत? वापरू नयेत. काँक्रीटचा यंगचा गुणांकच तीस गिगापास्कलच्या घरातला. त्याला काचेचा बारीक तंतू काय टेकू देणार? पुलावर, धरणावर, विमानाच्या पंखावर काचेचं ग्रेटिंग वर्षानुवर्षं टिकतं, ओलीला दाद देत नाही, मैलोन्‌मैल दूरवरून वाचता येतं. पॉलिमरची जागा तिथे आहे जिथे मोजायची वस्तूच मऊ आहे: कापड, रबर, त्वचेवर बसणारी पट्टी, बुटाच्या आतला तळवा. पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या गटांनी पावलाखालचा दाब आणि चालण्याची ढब मोजायला अशी ग्रेटिंग वापरली आहेत. शरीराजवळ आणखी एक फायदा: फायबर तुटला तरी काचेसारखे टोचणारे कण राहत नाहीत.

पुण्यात परत आल्यावर आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही ८५० नॅनोमीटरवर काम करतो. तिथे पीएमएमए आणि टोपास दोघंही प्रकाश कमी गिळतात, आणि प्रकाश टिपायला सिलिकॉनचे साधे शोधक चालतात. १५५० ला लागणारे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे शोधक परवडत नाहीत. रेषांमधलं अंतर २८५ नॅनोमीटरच्या जवळ येतं, म्हणून मास्क वेगळा लागतो. तरंगलांबी लहान असल्यानं तेवढ्याच ताणाला शिखरही कमी सरकतं, निम्म्याहून थोडं जास्त. त्यामुळे वाचन अधिक काटेकोर ठेवावं लागतं. यंदा मुलांनी रस्त्याच्या भरावाखाली घालतात ते पॉलिएस्टरचं भू-वस्त्र घेतलं आहे. ते दहा टक्क्यांपर्यंत ताणलं तरी फाटत नाही. त्यावर लावलेलं काचेचं ग्रेटिंग त्याच्या कितीतरी आधी जाईल. टोपासचं कुठवर जातं, आणि परत येताना किती मागे राहतं, हे आम्ही आता मोजतो आहोत. पहिला आठवडा चिकटवण शोधण्यातच गेला, कारण पीव्हीए ओल्या मातीत टिकत नाही. आता सिलिकोनचे दोन प्रकार लावून पट्ट्या पाण्यात बुडवून ठेवल्या आहेत.